सायलेन्सरवरचा डबा

दादाच्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरवर दूध पावडरचा एक रिकामा डबा पालथा घातलेला असायचा. बॉनेटमधून सरळ वर आलेली ती नळी आणि तिच्या तोंडावर तो गंजका डबा. ट्रॅक्टर उभा असला की डबा वर, चालू करायचा असला की डबा काढून सीटमागच्या पेटीत. दादा कधीकधी काढायला विसरायचा. मग इंजिनाच्या पहिल्या धक्क्याला डबा उडायचा आणि टणटणत तुळशीपाशी जाऊन पडायचा. "सुटली तोफ," वहिनी मागून म्हणायच्या. दादाला ते ऐकू जायचं नाही. त्या ट्रॅक्टरच्या आवाजानेच त्याचे कान गेले होते.

डबा तिथे कशासाठी असतो, हे मी त्याला कधी विचारलं नाही. पुढे जे झालं ते एवढ्यामुळेच.

आम्ही दोघे भाऊ. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. शेती त्याने सांभाळली. मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल झालो आणि निवृत्तीनंतर बेलवलीच्या फ्लॅटमध्ये एकटा राहू लागलो. घर सोनिवलीला. पुढे अंगण, अंगणाच्या कडेला विहीर, विहिरीपलीकडे भाताची खाचरं. आता तीन बाजूंनी उंच इमारती आल्या आहेत, पण चौथ्या बाजूला अजून आमचं भात उभं असतं. दर रविवारी मी तिथे जेवायला जायचो. जेवण झालं की दादा ट्रॅक्टरखाली शिरायचा आणि मी ओटीवर पुस्तक उघडून बसायचो. दोघांनाही बोलायची गरज नसायची.

ट्रॅक्टर आमच्याकडे आला तेव्हाच जुना होता. मुरबाडकडच्या एका शेतकऱ्याने नवा घेतला म्हणून हा काढून टाकला होता. मूळचा लाल रंग उन्हाने विटून कलिंगडाच्या सालीजवळच्या गरासारखा झाला होता. मीटरचे काटे केव्हाच थांबलेले, दिव्यांपैकी एकच लागणारा. पण कामाला नाही म्हणाला असं मी पाहिलं नाही. पावसात टायरांना बाहेरून लोखंडी चाकं लावून तो खाचरांत चिखलणी करायचा. दिवाळीनंतर गवताचे भारे वाहायचा. वीज गेली की पट्टा चढवून विहिरीचा पंप ओढायचा. शेजारी इमारतींची कामं निघाली तेव्हा सिमेंटच्या गाड्या आमच्याच बांधालगत रुतायच्या, आणि त्यांचे ड्रायव्हर अंगणात येऊन "चाचा, जरा खेच दो ना" म्हणायचे. दादाला ऐकू जायचं नाही, पण ओठ बघून कळायचं. तो डबा काढायला उठायचा.

एका पावसाळ्यात उल्हास नदी मांजर्लीत शिरली, तेव्हा त्याने ट्रॉली जोडून तळमजल्यांवरची माणसं बाहेर काढली. त्यांत एक आजीबाई होत्या. त्यांनी घर सोडलं, पण लोणच्याची बरणी सोडेनात. बरणी मांडीत घेऊन त्या ट्रॉलीत बसल्या आणि उतरताना दादाला म्हणाल्या, "बाळा, तुझं विमान लई हलतं." दादाला हे नंतर वहिनींनी कानाशी ओरडून सांगितलं. तो दोन दिवस हसत होता.

या ट्रॅक्टरचा सेल्फ म्हातारा झाला होता. बटण दाबलं की नुसतं कण्हायचा. म्हणून दादा संध्याकाळी काम संपलं की ट्रॅक्टर मागे घेत आंब्याखालच्या उतारावर चढवायचा आणि चाकाला दगड लावायचा. सकाळी दगड काढायचा, गिअर टाकायचा, क्लच दाबून ट्रॅक्टर उताराने सोडायचा आणि विहिरीजवळच्या, गुरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीपाशी आला की क्लच सोडायचा. एक मोठा हिसका बसायचा आणि इंजिन लागायचं. कान गेल्यापासून इंजिन लागलं की नाही, हे त्याला कळेनासं झालं. तेव्हापासून वहिनी मडगार्डवर बसू लागल्या. डोणीपाशी त्या त्याच्या खांद्यावर एक थाप मारायच्या, म्हणजे क्लच सोडा. इंजिन लागलं की दोन थापा. मग खाली उतरून त्या चुलीकडे जायच्या. रोज सकाळी त्यांचा एवढाच ट्रॅक्टरप्रवास, पन्नास पावलांचा.

दादा ज्येष्ठात गेला. सकाळी डोणीवर पाणी भरायला गेला आणि तिथेच बसला, तो उठलाच नाही. तेव्हा ट्रॅक्टर उतारावर उभा होता.

तेराव्याला मांडव आंब्याखाली घालायचा ठरला, कारण तिथेच सावली. आठजणांनी मिळून ट्रॅक्टर उतारावरून अंगणात आणला आणि गोठ्याच्या भिंतीशी सपाट जागी उभा केला. वर छप्पर नव्हतं. लोक येणार, त्यांच्यासमोर तो गंजका डबा बरा दिसेना. मी तो काढला आणि गोठ्यामागच्या भंगारात टाकला. त्या दिवसांत माझ्या हातांना काहीतरी नीटनेटकं करायला हवं होतं, एवढंच मला आठवतं.

श्रद्धांजलीचा फ्लेक्स नाक्यावर लागला होता. पंधरवड्याने तो उतरवला तेव्हा पुतण्याने घरी आणून ठेवला. आमच्याकडे फ्लेक्स फुकट जात नाही. पेंढ्यावर, गळक्या कौलांवर, कोंबड्यांच्या खुराड्यावर, कुठे ना कुठे लागतोच. पावसाचे दिवस होते, ट्रॅक्टर उघड्यावर होता. मी तो फ्लेक्स ट्रॅक्टरला घातला. दादाचा चेहरा आतल्या बाजूला केला, म्हणजे त्याच्या तोंडावर पाऊस पडू नये. पण मधली सायलेन्सरची नळी आड येत होती, कापड तंबूसारखं उभं राहत होतं. मी आयुष्यभर पुस्तकांना कव्हरं घातली आहेत. कात्री घेतली, मोजून गोल भोक पाडलं आणि नळी त्यातून वर काढली. चारी कोपरे सुतळीने बांधले. कव्हर अगदी घट्ट बसलं. लांबून बघून मला समाधान वाटलं.

त्यानंतर पावसाळाभर पाणी त्या उघड्या नळीतून सरळ इंजिनात उतरत राहिलं.

गणपतीनंतर एका रविवारी पुतण्या आला. दादाचा हा एकुलता मुलगा अंबरनाथच्या एका कारखान्यात आहे, राहतोही तिकडेच. जेवताना त्याने विषय काढला. बारवी धरणाच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टवाल्याला जुना ट्रॅक्टर हवा होता. फाटकाजवळ सिमेंटच्या चौथऱ्यावर बसवायला.

"रंग देतील, रात्री लाइट सोडतील त्याच्यावर," तो म्हणाला. "काका, भंगारात जाण्यापेक्षा बरं ना? लोक बघतील तरी."

"नवरानवरीला वर बसवून फोटो काढतील," वहिनी म्हणाल्या.

"मग काय वाईट आहे, आई?"

वहिनींनी ताटातला भात गोळा केला आणि तसाच ठेवला. "वाईट नाय. पण मी एक सांगते. तो चालू असेल तर राहील. बंद असेल तर मला दारात नको. सकाळी उठल्याबरोबर तो तसा गप उभा, मी किती दिवस बघू? दसऱ्याला त्याची पूजा करायची ती चालू ट्रॅक्टरची. नाय झाला, तर दुसऱ्या दिवशी घेऊन जाऊ दे तुझ्या रिसॉर्टवाल्याला."

जेवण झाल्यावर मी फ्लेक्स सोडला. पुतण्याने नवी बॅटरी जोडून बटण दाबलं. सेल्फ कण्हलाही नाही. टक् असा एकच आवाज झाला आणि थांबला.

दादाचा जुना मिस्त्री मांजर्लीत राहतो. त्याने आता काम कमी केलं आहे, पण दादाचं नाव काढल्यावर दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन आला. मला तो मास्तर म्हणतो. पुस्तकांशी संबंध असलेला प्रत्येक माणूस त्याच्या हिशेबी मास्तर. त्याने सायलेन्सर काढून आडवा केला. आतून गंजाचं लाल पाणी अंगणात सांडलं.

"पानी गेलंय, मास्तर. इंजिन धरलंय, आतून जाम." मग त्याने नळीकडे बघितलं. "डबा कुठं हाय? डबा कोनी काढला?"

वहिनी ओटीवर होत्या. मी म्हटलं, "मी काढला."

"आणि ह्या कपड्याला भोक?"

"तेही मीच पाडलं."

 मिस्त्री फ्लेक्स उचलून त्या भोकातून माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, वहिनी आता आत निघून जातील. त्या खाली आल्या आणि त्यांनी फ्लेक्स मिस्त्रीच्या हातून घेऊन उलटा केला.

"भोक कुठं पाडलंत, भाऊजी? ह्यांच्या फोटोत?"

"नाही, नाही. खाली. शोकाकुलच्या रांगेत."

त्यांनी बोट फिरवून जागा शोधली. भोक बरोबर एका भावी नगरसेवकाच्या तोंडावर पडलं होतं. नमस्कार केलेले हात तेवढे शिल्लक होते. वहिनींना हसू आलं. दादा गेल्यापासून पहिल्यांदा, आणि हसता हसताच त्यांनी पदराने डोळे पुसले. मग त्या घरात गेल्या आणि ताटात काहीतरी ओतल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात तो डबा होता.

"भंगारातून मी उचलून आणला होता. वालाचं बियाणं ठेवलं होतं. हा घाला आधी, मग बाकीचं बघा."

मिस्त्री म्हणाला, इंजिन खोलण्यात अर्थ नाही. या जातीचे सुटे भाग आता मिळत नाहीत. खोललं तर तसंच पडून राहील. एकच उपाय, पण त्याला चिकाटी पाहिजे. त्याने इंजिनात डिझेल फवारणारे नोझल काढले आणि भोकांतून डिझेल आणि जुनं ऑइल मिसळून आत सोडलं. मागचं एक चाक जॅकवर उचललं, वरचा गिअर टाकला, म्हणजे चाकाबरोबर इंजिनही फिरेल.

"रोज सकाळी यायचं आणि हे चाक पुढं-मागं करायचं. जोर नाय लावायचा. आज हलनार नाय. उद्या पन नाय. पन करायचं. जमेल ना, मास्तर? का पुस्तकात बघून करनार?"

मी रोज गेलो. बेलवलीतून सकाळी रिक्षा धरायची, सोनिवलीत उतरायचं, वहिनींकडे चहा घ्यायचा, नोझलच्या भोकांत चार चमचे तेल सोडायचं आणि चाकाला धरून उभं राहायचं. पुढे रेटायचं, मागे ओढायचं. चाक दगडासारखं. पंधरा मिनिटं झाली की थांबायचं, मग पुन्हा. कपाळाला घाम यायचा. टायरच्या खाचांत गेल्या वर्षीचा चिखल वाळून बसला होता. तो माझ्या बोटांना लागायचा आणि मला वाटायचं, हा दादाच्या शेवटच्या चिखलणीचा चिखल आहे. मी तो काढला नाही.

घरी दादाच्या खोलीत मी तोवर गेलो नव्हतो. शोकसभेत चार वाक्यं बोलायला सांगितलं तेव्हा मला एकही सुचलं नव्हतं. इथे काही सुचायची गरज नव्हती. पुढे, मागे. वहिनी भांडी घासता घासता विचारायच्या, "हललं?" मी म्हणायचो, "नाही." त्या म्हणायच्या, "बरं." हेच रोजचं संभाषण.

नोझल परत बसवायला तांब्याचे बारीक वायसर लागणार होते. जुने झिजले होते. मिस्त्रीने एक नमुना कागदात बांधून दिला आणि मी तो घेऊन उल्हासनगरला गेलो. इतकी वर्षं त्या गावात नोकरी केली, पण स्पेअर पार्टच्या गल्लीत कधी शिरलो नव्हतो. दुकानदार सिंधी, वयस्कर, चष्मा कपाळावर. त्याने वायसर उजेडात धरला.

"साईं, ये तो म्युझियम का माल है. किसका ट्रॅक्टर?"

मी सोनिवली म्हटलं, भाऊ म्हटलं.

"अरे, वो ऊंचा सुननेवाले?" त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. "मैं बोलता था, नहीं है. वो बोलते थे, ठीक है, और यहीं स्टूल पे बैठ जाते थे. दुकान बंद करने का टाइम हो जाये, वो बैठे हैं. आखिर मेरे को ढूंढनाच पडता था." त्याने मागच्या खणातून एक पत्र्याची डबी काढली, टेबलावर ओतली आणि एकेक वायसर नमुन्याला लावून बघू लागला. "वो नहीं आये?"

मी सांगितलं. त्याने हातातला वायसर खाली ठेवला. मग पायानेच काउंटरखालचं स्टूल माझ्याकडे सरकवलं. "बैठो. मिलेगा. टाइम लगेगा."

मी दादाच्या स्टुलावर बसलो. वायसर मिळाले.

अकराव्या सकाळी चाक हललं. बोटभर, त्याहून जास्त नाही. मी ते स्वप्न समजून पुन्हा मागे ओढलं. ते बोटभर मागे आलं. आत कुठेतरी तेलात बुडाल्यासारखा आवाज झाला. मी हाक मारली नाही, पण वहिनी ओल्या हातांनी ओटीवर येऊन उभ्या होत्या.

"हललं?"

"हललं."

"बरं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी चहाबरोबर त्यांनी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. ती दादाची न्याहारी होती.

पुढच्या चार दिवसांत चाक वीतभर, मग हातभर, मग पुरतं फिरू लागलं. मिस्त्रीने तेल काढलं, नवं भरलं, नोझल बसवले. सेल्फने तीनदा प्रयत्न केला आणि दम सोडला. मिस्त्री म्हणाला, "ह्याला उतारच पायजे. ह्याची सवय तीच." दसऱ्याला तीन दिवस उरले होते. पुतण्याने सुट्टी काढली. यंदाची आमची चिखलणी ज्याने करून दिली होती त्या शेजारच्या खाचरवाल्याचा नवा ट्रॅक्टर आला आणि त्याने आमचा म्हातारा दोरखंडाने आंब्याखाली ओढून नेला. चाकाला दगड लावला.

मग प्रश्न आला, वर बसायचं कोणी. मिस्त्रीच्या गुडघ्यांत दम नव्हता. पुतण्याला कार येते, पण तो म्हणाला, "काका, ब्रेक लागेल की नाही ते माहीत नाही. माझी हिंमत नाही." सगळे इकडे तिकडे बघू लागले. भोक मी पाडलं होतं. मी चप्पल काढली आणि वर चढलो. सीटचा पत्रा मधे खोल झाला होता. मी दादापेक्षा बारीक आहे, त्या खळग्यात बसल्यावर माझे पाय क्लचपर्यंत नीट पोचेनात. मी पुढे सरकून बसलो.

"मास्तर, घाबरू नका," मिस्त्री खालून ओरडला. "फार तर विहिरीत जाल. विहीर आपलीच हाय."

तेवढ्यात मडगार्ड हललं. वहिनी पदर खोचून चढून बसल्या होत्या, त्यांच्या जागेवर. पुतण्या म्हणाला, "आई, तू कशाला? काकांना ऐकू येतं."

"तू दगड काढ," वहिनी म्हणाल्या.

दगड निघाला. आधी काहीच झालं नाही, मग आंब्याचं खोड मागे सरकू लागलं. मी क्लच दाबून धरला होता. समोरून विहीर येत होती, डावीकडून डोणी. दादा जिथे बसला ती डोणी. मला तिच्याकडे बघायचं नव्हतं, पण नजर तिथेच गेली. खांद्यावर थाप बसली. एक. मी क्लच सोडला.

हिसका बसला. नाक स्टिअरिंगवर आपटलं. इंजिनाने एकदा ढेकर दिला, पांढरा धूर, मग पुन्हा हिसका, मग आतून एक जाड, खोकल्यासारखा आवाज उठला आणि थांबला नाही. त्याच क्षणी माझ्या डोक्यावरून काहीतरी सणसणत गेलं. डबा. मी तो काढायला विसरलो होतो. तो गोठ्याच्या भिंतीवर आपटला, टणटणत अंगणातून गेला आणि तुळशीपाशी जाऊन पडला.

"सुटली तोफ!" वहिनी म्हणाल्या. माझ्या कानाशी, अगदी मोठ्याने, जसं दादाला सांगायच्या तसं.

मग माझ्या खांद्यावर दोन थापा पडल्या.

मी ट्रॅक्टर फाटकापर्यंत नेला, कारण मला वळवता येत नव्हता. ब्रेक लागला. वहिनी उतरल्या आणि चालत घराकडे गेल्या. वाटेत वाकून त्यांनी डबा उचलला, पदराने पुसला. त्याच्या बुडाला एक नवीन पोचा आला होता. पुतण्या फोनवर कोणाला तरी सांगत होता, "नाही भाऊ, नाही जमणार. चालू झाला तो." मिस्त्री बॉनेटवर हात ठेवून इंजिन ऐकत होता आणि मान डोलावत होता. बाजूच्या इमारतीच्या सातव्या मजल्यावरून कोणीतरी "ओ, आवाज बंद करा जरा!" असं ओरडलं. आमच्यापैकी कोणालाच ते ऐकू आलं नाही, असं आम्ही दाखवलं.

दसऱ्याला झेंडूचा हार बॉनेटला घातला तेव्हा इंजिन चालू होतं. हार धडधडत होता, पाकळ्या गळत होत्या. पंधरा दिवसांनी भात कापलं. भारे वाहायला आता मीच बसतो, पहिल्या गिअरमध्ये, फार हळू. बांधावरची माणसं मला हसतात आणि मी त्यांना हात करतो. संध्याकाळी ट्रॅक्टर मागे घेत उतारावर चढवायला मला तीन-चार खेपा लागतात. वहिनी ओटीवरून सांगतात, "अजून थोडा. डावीकडे. आता बस." मी दगड लावतो. मग डबा घालतो.